ओरेगॉनचा किनारा, डिसेंबरचा पाऊस आणि 'ओशन व्ह्यू'चा भुर्दंड

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हनिमूनला जाणार असाल तर खोली घेण्याआधी एक हिशेब करा. डिसेंबरच्या सुरुवातीला न्यूपोर्टला सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. मोटेलात खोली मिळते चारला. सकाळी उजाडायला साडेसात होतात आणि अकराला किल्ली परत द्यायची असते. म्हणजे एका मुक्कामात खिडकीतून समुद्र दिसला तर जेमतेम चार तास, तोही धुकं आणि पाऊस यांनी मेहेरबानी केली तर. बाकी वेळ खिडकीत काळोख, आणि काचेत आपलीच दोन तोंडं. ती बघायला समुद्राकडची खोली कशाला लागते?

हे कोणीच सांगत नाही. आम्हाला सगळ्यांनी सांगितलं ते एवढंच, की ऑफ सीझन आहे, स्वस्तात पडेल. लग्नात खिसे रिकामे झालेले, दोघांची रजा जुळली ती नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, त्यामुळे हे ऐकायला बरंच वाटलं. सीझन ऑफ असतो हे खरं आहे. स्वस्त काय पडतं ते खाली लिहिते.

आमच्या पहिल्या मोटेलची जाहिरात १०९ डॉलरची होती. 'ओशन व्ह्यू'चे रात्रीला ३५ वर. मग 'सुविधा शुल्क' म्हणून २२. या सुविधा कोणत्या, तर इंटरनेट, लॉबीतली कॉफी आणि एक हॉट टब, ज्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागद चिकटवलेला. त्यावर मुक्कामाचा कर. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, हे सगळे आनंदाने सांगतात आणि ते खरंही आहे. दुकानात वस्तूवर लिहिलेली किंमत तीच द्यायची. पण मुक्कामावर राज्याचा कर आहे आणि गावाचा त्याच्या वर वेगळा. शेवटी १०९ चे १८६ झाले. एका रात्रीचे.

आणि व्ह्यू? समोर पार्किंग, पार्किंगपलीकडे दोन घरांची छपरं, छपरांच्या मधल्या फटीत एक करडी पट्टी. काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "समुद्र दिसतोय ना?" दिसत होता, नाही कसं म्हणणार! इथली परिभाषा अशी: 'ओशन फ्रंट' म्हणजे तुमच्या आणि वाळूच्या मध्ये काही नाही. 'ओशन व्ह्यू' म्हणजे मान कुठल्यातरी कोनात वळवली की पाणी दिसतं. 'पार्शल व्ह्यू' घेणाऱ्यांना माझा नमस्कार. त्याच बाईंनी हनिमून आहे कळल्यावर ७५ डॉलरचं पॅकेजही पुढे केलं. एक बाटली, चार चॉकलेटं आणि पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. नवरा मराठीत म्हणाला, "अगं, झाडणार कोण त्या?" पॅकेज घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका. हनिमून आहे हे मात्र जरूर सांगा; दुसऱ्या एका ठिकाणी नुसतं सांगितल्यावर त्यांनी फुकटात वरच्या मजल्यावरची खोली दिली.

माझं म्हणणं एवढंच आहे: या किनाऱ्यावर समुद्र दिसण्याचे पैसे देऊ नका, कोरडं आणि ऊबदार राहण्याचे द्या. समुद्र फुकट आहे. अक्षरशः. १९६७ च्या 'बीच बिल' या कायद्यामुळे इथली कोरडी वाळूसुद्धा लोकांच्या वापरासाठी मोकळी आहे, आणि ओली वाळू तर १९१३ पासूनच सार्वजनिक रस्ता ठरवलेली. कितीही महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवर खुशाल चाला, कोणी हटकत नाही.

कोरडं राहायचं तर युर्ट. स्टेट पार्कांच्या कॅम्पग्राउंडमध्ये हे गोल, जाड कापडी भिंतींचे तंबू असतात. खाली लाकडी जमीन, आत दिवा, हीटर, कुलूप लागणारं दार, एक फ्यूटॉन, म्हणजे उलगडला की पलंग होणारा सोफा, आणि एक दुमजली बंक बेड. गरम पाण्याचे शॉवर थोड्या अंतरावर, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही केप लुकआउट या भूशिराजवळ आणि न्यूपोर्टजवळच्या साउथ बीचला राहिलो. भाडं त्या १८६ च्या निम्म्याहूनही कमी. अंथरूण-पांघरूण आपलं आणायचं. आत स्वयंपाक करायचा नाही, बाहेर शेगडी लावायची. बाथरूमला जायला रात्री दोनला पावसात बूट चढवावे लागतात, आणि याला रोमँटिक म्हणणाऱ्याने ते एकदा करून दाखवावं. तरीही त्या खोलीपेक्षा युर्ट शंभर पटींनी बरं. छतावर पाऊस वाजत असतो, हीटर चालू असतो, आणि कपडे सुकतात. कपडे सुकणं ही इथली खरी चैन आहे. मोटेलात आमच्या जीन्स दोन दिवस ओल्याच होत्या.

युर्टचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. उन्हाळ्यातली लगेच संपतात. हिवाळ्यात, तेही सोमवार ते गुरुवार, आयत्या वेळीही मिळून जातात. पण पार्कं आपली दुरुस्तीची कामं हिवाळ्यातच काढतात, तेव्हा कॅम्पग्राउंड चालू आहे ना ते आधी बघा.

उन्हाळ्यात जाऊ, समुद्रात डुंबू, असा बेत असेल तर तोही सोडा. इथलं पाणी वर्षभर १० ते १३ अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा किनाऱ्यालगत वाहतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आत पोर्टलंड भाजून निघत असताना किनाऱ्यावर लोक स्वेटर घालून धुक्यात उभे असतात. चांगली हवा हवी तर सप्टेंबर. पैसे वाचवायचे तर हिवाळा, पण मग पाऊस गृहीत धरायचा. मुंबईच्या पावसाची सवय इथे उपयोगाची नाही. इथला पाऊस प्रमाणाने कमीच, पण आठ अंशांत आडवा येतो. छत्री पहिल्या दहा मिनिटांत उलटी होऊन मोडली. वरून-खालून जलरोधक कपडे, म्हणजे जाकीट आणि पँट दोन्ही, नसतील तर येऊच नका.

आता रस्ता. पोर्टलंडहून टिलामूकला जाणारा हायवे ६ नकाशात दीड तासाचा दिसतो. आमचं विमान दुपारी उशिरा उतरलं, गाडी मिळेपर्यंत चार, आणि डोंगर सुरू व्हायच्या आत मिट्ट काळोख. विल्सन नदीच्या काठाने वळणावळणाचा रस्ता, दिवे नाहीत, लांबच लांब पट्टा फोनला रेंज नाही, समोरून ओंडके लादलेले ट्रक पाण्याचा फवारा उडवत येतात आणि काचेवर दोन सेकंद काहीच दिसत नाही. शिवाय हरणं आणि एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, कधीही आडवे येतात ते वेगळंच. नवरा चालवत होता आणि मी नुसती डाव्या बाजूची पिवळी रेघ पुकारत होते. नवीन संसाराची ही सुरुवात. विमान दुपारी एकनंतर उतरणार असेल तर पोर्टलंडमध्ये झोपा आणि सकाळी निघा. खोलीचे पैसे गेले तरी चालतील. निघण्याआधी ओरेगॉनच्या परिवहन खात्याचं 'ट्रिपचेक' संकेतस्थळ बघायचं, कारण वादळात झाडं पडतात, दरड कोसळते, आणि किनाऱ्याचा हायवे १०१ सुद्धा मध्येच बंद होतो.

१०१ वर उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. समुद्र उजव्या हाताला राहतो, थांबायच्या जागा आपल्याच बाजूला येतात, समोरची वाहनं कापून वळावं लागत नाही. सगळा किनारा ३६३ मैलांचा आहे. कमी रजेत तो 'पूर्ण' करण्याचा हट्ट धरू नका. कॅनन बीच ते फ्लॉरेन्स पुरे. कॅनन बीचचा हेस्टॅक रॉक २३५ फुटांचा आहे, बघा, फोटो काढा आणि निघा. त्या गावात कॉफीसुद्धा खिशाला चाट लावते.

केप लुकआउटची पायवाट एका बाजूने साधारण अडीच मैल. अंतर काहीच नाही, नेहमी चालणाऱ्याला तासाभराचं काम. पण डिसेंबरमध्ये ती वाट नसून मुळांच्या जाळ्यात साचलेला चिखल असतो. घोट्यापर्यंत. बाजूने वाट काढावी तर एका बाजूला सरळ कडा, तोही कठड्याशिवाय. वाटेत १९४३ साली इथे कोसळलेल्या बी-१७ या लष्करी बॉम्बफेकी विमानाची पाटी आहे. आम्हाला टोकापर्यंत जायला पावणेदोन तास लागले आणि टोकावर काय दिसलं, तर ढग. करड्या देवमाशांचं दक्षिणेकडचं स्थलांतर डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत जोरात असतं. आम्ही त्याआधीच पोचलो होतो आणि ढगांत देवमासा दिसायचा तरी कसा? ट्रेल शूज पुरतात असं ज्यांनी लिहिलं होतं ते उन्हाळ्यात गेले असणार. उंच, पाणी न शिरणारे बूट आणि एक काठी. नाहीतर ही वाट सरळ वगळा, काही बिघडत नाही.

टाइडपूलची, म्हणजे ओहोटीत खडकांत साचून राहणाऱ्या डबक्यांची, चित्रं बघून तारामाशांची स्वप्नं बघत असाल तर हेही ऐका. चांगली खोल ओहोटी इथे उन्हाळ्यात सकाळी असते आणि हिवाळ्यात संध्याकाळी किंवा रात्री, म्हणजे काळोखात. न्यूपोर्टजवळच्या याकिना हेडला म्हणून दीपगृहासाठी जा. १८७३ पासूनचं, ९३ फुटी, ओरेगॉनमधलं सर्वांत उंच. खालच्या किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गुळगुळीत गोटे आहेत, आणि लाट मागे सरकली की ते एकमेकांवर असे खडखडतात की बोलणं थांबवून ऐकत राहावं. वाऱ्याने गाडीचं दार हातातून सुटलं, तरी आम्ही तासभर तिथेच.

पण एकच जागा निवडायची तर याचॅट्सच्या दक्षिणेला, केप परपेचुआ. बाकी सगळं रद्द करा, हे करू नका. भरतीच्या तासभर आधी पोचा. डेव्हिल्स चर्नमध्ये लाट अरुंद फटीत शिरते आणि फुटते तेव्हा खडक पायाखाली हादरल्यासारखा वाटतो. थोडं पुढे थॉर्स वेल, खडकातलं एक भोक, त्यातून पाणी खालून उसळून वर येतं आणि मग सगळं आत ओढलं जातं. नवरा, जो ताजमहाल बघून "बरं आहे" म्हणाला होता, तो इथे ओरडत होता. मी सुद्धा. भिजलो, हात बधिर झाले, आणि त्या मोटेलवरचा रागही तेवढ्यापुरता गेला. मात्र हे लांबून, वरच्या वाटेवरून बघायचं. काठाशी सेल्फी घेणाऱ्यांना लाट नेते. वाळूवरही तेच: समुद्राकडे पाठ करायची नाही आणि किनाऱ्यावर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर चढायचं नाही. चार इंच पाण्याने तो ओंडका उलटतो आणि खाली माणूस सापडतो. तशा पाट्या जागोजागी आहेत आणि लोक त्या पाट्यांशेजारीच ओंडक्यावर बसून फोटो काढतात.

पार्किंगचे पैसे ठिकठिकाणी वेगवेगळे जातात. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो याकिना हेड आणि केप परपेचुआला चालतो, स्टेट पार्कांत चालत नाही. डीपो बे, डेव्हिल्स पंचबोलचा काठ, न्यूपोर्टच्या धक्क्यावर भुंकणारे सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, हे सगळं आम्ही फुकट बघितलं. सी लायनच बघायला पुढे पैसे भरून गुहेत जावं असं मला तरी वाटलं नाही. टिलामूकच्या चीज कारखान्यातही आत जायला तिकीट नाही, आणि बाहेर कोसळत असताना तिथे तास छान जातो.

खाण्याचं थोडक्यात. सामान पोर्टलंडहून भरून न्या, किनाऱ्यावरची छोटी दुकानं महाग आहेत. क्लॅम चाउडर या शिंपल्यांच्या दाट सूपमध्ये बहुधा बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. खेकडा रेस्टॉरंटमध्ये न खाता मासे विकणाऱ्या दुकानातून उकडलेला आख्खा घ्या आणि युर्टबाहेर बसून फोडा. आमच्याकडे अडकित्ता नव्हता, दगडाने काम भागलं.

फ्लॉरेन्सचे वाळूचे डोंगर बघितले त्या दिवशी ऊन होतं, रस्ता सरळ होता, सगळं सुरळीत झालं. त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

सोबत दोन सुट्या स्लीपिंग बॅगा नेणार असाल तर एकमेकींना चेन लावून जोडता येतील अशा घ्या, आणि चेनच्या बाजू जुळतात का ते घरीच तपासा. डोक्याला लावायचे दिवे दोन न्या. एक असला तर रात्री दोनला तो कोणाकडे राहणार, यावर पहिलं भांडण होतं.