जुन्या प्रणालींची यादी करताना

पाच वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका सार्वजनिक रुग्णालय संस्थेच्या माहिती तंत्रज्ञान विभागात मी रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे सोपवलेले पहिले काम ऐकायला अगदी साधे होते: संस्थेत कोणकोणत्या संगणकप्रणाली वापरात आहेत, त्यांची यादी करायची. पंधरा दिवसांत उरकेल असे वाटलेल्या या कामाला पाच महिने लागले. खरेदी विभागाकडे बिले होती, नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडे यंत्रांच्या नोंदी होत्या, पण अमुक प्रणाली बंद पडली तर नेमके कोणाचे काम अडेल, हे केवळ त्या त्या विभागातल्या जुन्या माणसांना ठाऊक होते.

प्रयोगशाळेत एका तपासणी यंत्राला जोडलेला संगणक विंडोज ७ वर चालत होता. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीसाठी नियमित सुरक्षा दुरुस्त्या देणे जानेवारी २०२० मध्ये थांबवले होते, म्हणून तो तातडीने बदलावा, अशी शिफारस मी लिहून टाकली. तेथील तंत्रज्ञ बाईंनी मला बसवून घेतले आणि शांतपणे समजावून सांगितले की यंत्र उत्तम स्थितीत आहे, मात्र ते चालवणारा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही, आणि उत्पादकाने मान्य केलेल्या जोडणीत आपण परस्पर बदल केला तर निष्कर्षांच्या अचूकतेची हमी कोणीही देणार नाही. त्यामुळे त्यांनी तो संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवला होता. त्यावरचे आकडे एक जण मुख्य प्रणालीत हाताने भरत असे आणि दुसरा ते ताडून पाहत असे. मी माझी शिफारस खोडली. तिथे काळजी घेतली जात होती, फक्त ती कोणत्याही कागदावर नव्हती.

कागदावर नसलेली माहिती किती महागात पडते, हे या देशाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसमुळे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे (रुग्णालये व आरोग्यसेवा चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थांचे) काम विस्कळीत झाले आणि रुग्णांच्या १९,००० हून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. दोष विंडोज एक्सपी या त्याहून जुन्या आवृत्तीवर टाकला जातो, परंतु बाधित संगणकांपैकी बहुतेक त्या वेळी सुरक्षा दुरुस्त्या मिळत असलेल्या विंडोज ७ चे होते. मार्चमध्ये उपलब्ध झालेला पॅच, म्हणजे ती सुरक्षा दुरुस्ती, त्यांच्यावर बसवलेला नव्हता. सूचना वरून गेल्या होत्या, पण त्या कोणी अमलात आणल्या हे तपासण्याची पक्की व्यवस्था केंद्रीय पातळीवर नव्हती, असे सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने त्याच वर्षीच्या अहवालात नोंदवले. जानेवारी २०२५ च्या अहवालातही याच संस्थेने म्हटले की सरकारी खात्यांत किमान २२८ जुन्या प्रणाली आहेत आणि त्या किती असुरक्षित आहेत हे सरकारला माहीत नाही. मला या वाक्याचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो.

सगळे जुने काढून एकदाच नवे करावे, हा विचार मोहक असतो. आरोग्यसेवेने २००२ मध्ये तसा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २०११ मध्ये तो मोडीत काढल्याची घोषणा झाली. इतक्या मोठ्या अपयशाचे कारण एकच नसते, पण त्यातला एक धागा मला आमच्याच इमारतीत सापडला.

आमच्याकडे रोज रात्री दोन वाजता एक छोटासा प्रोग्राम चालत असे. कोणत्याही दस्तऐवजात त्याचा उल्लेख नव्हता आणि बदलायच्या जुन्या सर्व्हरबरोबर तो बंद होणार होता. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. अनेक वर्षांपूर्वी एका मृत रुग्णाच्या घरी तपासणीला बोलावणारे पत्र गेले होते, आणि त्या रुग्णाच्या पत्नीने फोन केला होता. तसे पुन्हा घडू नये म्हणून, निधन झालेल्यांची नावे पत्रांच्या यादीतून वगळणारा तो प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. नव्या प्रणालीच्या आवश्यकतांमध्ये ही गोष्ट कोणी मागितलीच नव्हती, कारण ती आपोआप होते असे सर्वांनी गृहीत धरले होते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या प्रणालीला जे जमत नाही ते माणसांवर येते, आणि माणसे थकतात, चुकतात. ब्रिटनच्या निवृत्तिवेतन खात्याने सुमारे १,३४,००० ज्येष्ठांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, एकूण १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम कमी दिल्याचा अंदाज २०२१ मध्ये जाहीर झाला. किचकट नियम आणि कालबाह्य, स्वयंचलित नसलेल्या प्रणालींमुळे कर्मचाऱ्यांना प्रकरणे हाताने तपासावी लागत होती, आणि या चुका १९८५ पर्यंत मागे जाणाऱ्या होत्या. त्यांतल्या काही जणी आपल्या हक्काचे पैसे हाती येण्यापूर्वीच वारल्या.

निधीचीही अडचण आहे. नव्या प्रकल्पासाठी भांडवली तरतूद मिळते, परंतु पॅच लावणे, दस्तऐवज लिहिणे, जाणकार माणूस टिकवणे हा चालू खर्च ठरतो आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावर चालते. माझ्या मते मोठ्या सार्वजनिक संस्थेने प्रत्येक प्रणालीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमून तिला त्या कामाचे तास अधिकृतपणे दिले पाहिजेत. ही व्यवस्था नसेल तर कितीही महागडा प्रकल्प पुन्हा त्याच जागी येतो.

त्या सहकाऱ्यांच्या निवृत्तीपूर्वी सहा आठवडे आम्ही दोघे रोज दुपारी तासभर बसलो. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. रात्री दोनचे ते काम आता नव्या सर्व्हरवर चालते आणि त्यापुढे माझे नाव आहे. यादीतल्या काही ओळींपुढे जबाबदार व्यक्तीचा रकाना अजून रिकामा आहे. सोमवारी मला क्ष-किरण विभागात जायचे आहे.