आमची वाटचाल : 50 टक्के म्हणजे नक्की किती

दुकान कधी टाकलं, शटर कधी वाढवलं, उद्घाटनाला कोण आलं होतं असलं मी लिहिणार नाही, ते फोटो काउंटरमागं लावलेत, येऊन बघा. सांगलीत वखारभागात आम्ही लग्नाच्या अल्बमचं डिझाइनिंग करतो, 12 बाय 36 इंचांचं शीट, करिज्मा, म्हणजे फोटो न चिकटवता पूर्ण पानच छापलेला अल्बम. सुरुवातीला पार्टनर अण्णा आणि मी, एक पेंटियम फोर, एक जाडजूड सीआरटी मॉनिटर आणि फोटोशॉप सेव्हन.

सेव्हनला आजकालची पोरं हसतात. 2002 चं सॉफ्टवेअर आहे, मान्य, पण श्रीलिपीचा मराठी फॉन्ट टाकला की जोडाक्षर फुटायचं नाही आणि लेयर पॅलेटमध्ये (लेयर म्हणजे चित्रात एकावर एक ठेवलेले थर) ओपॅसिटी, म्हणजे थर किती दाट दिसणार ते, आणि फिल दोन्ही हाताशी. हा फरक अजून निम्म्या डिझायनरांना माहीत नाही बरं का. ओपॅसिटी शून्य केली तर अक्षरासकट त्याची शॅडो, बेव्हल (उठावदार कडा) सगळं गायब. फिल शून्य केलं तर अक्षर जातं पण शॅडो आणि बेव्हल जागेवर राहतात, म्हणजे काचेत कोरल्यासारखं नाव. अण्णा त्यात मास्टर होता. माउस सोडायचाच नाही, डाव्या हातानं कीबोर्डवर 4 दाबला की लेयर 40 टक्के, शिफ्ट धरून दाबला की फिल 40. (आधी व्ही दाबून मूव्ह टूल घ्या, ब्रश हातात असताना आकडा दाबला तर ब्रशची ओपॅसिटी बदलते आणि मग म्हणता फोटोशॉप हँग झालं.)

आमची ओळख म्हणजे पांढरी पट्टी. नवरा-नवरीचा डार्क फोटो, त्यावर 40 टक्के पांढरा लेयर, त्यावर मंगलाष्टकाची ओळ. मागचं शालूचं जर पट्टीतनं दिसलं पाहिजे आणि ओळही वाचता आली पाहिजे. ही पट्टी विटा, तासगाव, जत सगळीकडं चालली.

आणि ह्याच पट्टीनं आम्हाला जवळजवळ बुडवलं.

लग्नसराई ऐन भरात. तोपर्यंत आम्ही प्रिंटिंगला सपाट जेपेग (सगळे लेयर एकत्र झालेली फाईल) पाठवायचो, पण बाहेरगावच्या एका लॅबनं (नाव घेत नाही) हट्ट धरला की पीएसडी (लेयर सुटे असलेली फोटोशॉपची फाईल) पाठवा, आमच्याकडं नवीन व्हर्जन आलंय, करेक्शन आम्ही करतो. पाठवल्या. अल्बम बाइंडिंग होऊन आले तर प्रत्येक पट्टी दुधाळ, मागचं जर नाही, चेहरे नाहीत, हळदीच्या पानावर तर नवरी धुक्यात बसल्यासारखी. लॅबला फोन केला तर म्हणे फाईलच तशी होती, तुमचं सॉफ्टवेअर जुनं. आमच्या मॉनिटरवर तीच फाईल व्यवस्थित. आता कस्टमरला काय दाखवायचं, मॉनिटर?

त्यात आमच्याच लायनीत एकजण नवीन दुकान टाकून बसलेला. त्यानं काय करावं, आमचा एक खराब अल्बम कुठनं तरी मिळवून काउंटरवर ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला उघडून दाखवायचा. ह्यांच्याकडं सेव्हन आहे अजून, म्हणायचा. निम्मं काम तिकडं गेलं. त्याला विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

आमच्याबरोबर थांबले ते विट्याचे दादा. फोटोग्राफर माणूस, स्वतः कधी माउस धरला नाही, पण म्हणाले, ‘फाईल एकच आहे ना, मग दोन ठिकाणी दोन कशी दिसती, मला दाखव.’ गाडी काढली आणि मला घेऊन थेट लॅबवर. तिथं मी नवीन फाईल केली, खाली काळा, वर पांढरा लेयर, ओपॅसिटी 50, आणि इन्फो पॅलेट उघडून आयड्रॉपर नेला, तो रंगाचा आकडा दाखवतो, काळा 0, पांढरा 255. आमच्या मशिनवर ह्याचा आकडा येतो 128. तिथं आला 188! दादांनी ऑपरेटरकडं नुसतं बघितलं.

मग कलर सेटिंग्ज, त्यात खालचे ॲडव्हान्स ऑप्शन उघडले, आणि तिथं ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युझिंग गॅमा 1.00’ ला टिक. ही टिक असली की मिक्सिंग लिनिअर होतं, आकड्यांच्या नाही तर प्रत्यक्ष उजेडाच्या हिशोबानं, म्हणजे अर्धा पांढरा डोळ्याला अर्ध्याहून बराच जास्त दिसतो. आमचा 40 चा लेयर काळ्यावर 102 यायला हवा तो तिथं 170 च्या आसपास. आणि हे सेटिंग फाईलमध्ये सेव्ह होत नाही, मशिनमध्ये राहतं, म्हणून पीएसडी इकडं एक तिकडं एक.

लॅबवाला म्हणाला, टिक कुणी केली माहीत नाही. बरं.

पुढची वर्षं काम सुरळीत चाललं, त्यात सांगण्यासारखं नाही. 2019 च्या पुरात खालची मशिनं भिजली, अण्णा मुलाकडं पुण्याला गेला, फोटोशॉप सीसी घेतलं. नव्या व्हर्जनात टेक्स्टला वेगळा गॅमा आहे, 1.45, त्यामुळं 50 टक्के टेक्स्ट आणि 50 टक्के बॉक्स शेजारी ठेवा, एकसारखे दिसत नाहीत, पोरं चक्रावतात. भाचा गिंप (फोटोशॉपसारखंच फुकटचं सॉफ्टवेअर) वापरतो, त्यात 2018 ला 2.10 आलं तेव्हापासून नॉर्मल मोडच लिनिअर झालाय. जुनी फाईल उघडली की जुने लेयर ‘लेगसी’ मोडमध्ये, म्हणजे जुन्याच हिशोबानं राहतात, त्यामुळं जुन्या फाईलमधला 50 वेगळा आणि नव्या फाईलमधला वेगळा. उलटं, नव्या फोटोशॉपची फाईल सेव्हनमध्ये उघडली तर अननोन डेटाचा मेसेज येतो, तिथं पोरं न वाचता ‘कीप लेयर्स’ दाबतात आणि ग्रुपला दिलेली शॅडो उडाली म्हणून मला फोन करतात. आणि फाईल सीएमवायके (छपाईचे चार रंग) करताना मर्ज करू का विचारतं तेव्हा मर्जच करा, नाहीतर पट्टी परत हलते.

आता आमच्याकडनं जाताना पीएसडीबरोबर सपाट जेपेग जातोच, क्वालिटी 12, म्हणजे सगळ्यात वरची, आणि पहिल्या पानाचा एक 4 बाय 6 प्रिंट सही करून. दादांचा मुलगा काम बघतो आता, त्यालाही तीच पट्टी लागते. काउंटरवर अल्बम ठेवणाऱ्यानं मागच्या सीझनला एका पोराकडनं विचारायला पाठवलं होतं की शॅडोभोवती पांढरा चौकोन का येतोय, मी सांगितलं, पण पोराला चहा पाजून सांगितलं, त्याला नाही. त्या दुधाळ अल्बमांच्या फेरछपाईचं बिल मात्र लॅबकडं अजून बाकी आहे, फायलीत लावून ठेवलंय.