तान तीन सेकंदांची, हक्क तीन थरांचे

‘दुसऱ्याचं गाणं सात सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं’ हे वाक्य घरी बसून गाणी करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडतंच. कोणी सात म्हणतं, कोणी पंधरा. मी कायदाच उघडून बसले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. कलम ५२मध्ये खासगी वापर, समीक्षा, बातमी यांना मोकळीक आहे; सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा, घालून स्वतःचं गाणं बाजारात आणणं त्यात बसत नाही.

माझ्या डोक्यात होतं ते असं: मिनिटाला ९२ ठोक्यांचा संथ बीट, सिंथेसायझरचा बेस, शब्द आणि चाल माझी, आणि दोन कडव्यांच्या मधे बालगंधर्वांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीतली एक छोटीशी तान. पद ‘संगीत स्वयंवर’ नाटकातलं. तबकडीचा सूर धड पांढरी पाचही नव्हता आणि काळी चारही नव्हता. ओढूनताणून पांढरी पाचला आणला, बीटवर ठेवला आणि मान आपोआप डोलली.

आता ही तान कोणाची? गायकाची, असं आपण पटकन म्हणतो. कायदा मात्र तीन थर मोजतो: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून. पदं कृ. प्र. खाडिलकरांची, ते गेले १९४८ साली. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते गेले १९२२ साली. तबकडी १९३०च्या दशकातली. म्हणजे भारतात तिन्ही थर मोकळे. त्या रात्री मी खुशीत होते.

पण गाणं स्ट्रीमिंगवर टाकलं की ते जगभर जातं. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्यानं १९२३ ते १९४६मधल्या ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धीपासून १०० वर्षांचं संरक्षण दिलंय. भारतात मोकळी असलेली माझी तबकडी तिथे अजून बंदच. आणि गाणं स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर तर सरळ प्रश्न असतो: जगभराचे हक्क तुमच्याकडे आहेत का? अमेरिका वगळून गाणं लावता आलं असतं, पण माझे निम्मे नातेवाईक न्यू जर्सीत!

सुटका थरांमध्येच होती. अडकलं होतं फक्त ध्वनिमुद्रण. नाटक १९१६चं असल्यानं शब्द-चाल अमेरिकेतही मोकळी. नाट्यसंगीत शिकलेल्या मैत्रिणीला म्हटलं, तू गा. तिनं तबकडीची नक्कल करायला ठाम नकार दिला आणि तीच जागा स्वतःच्या पद्धतीनं घेतली. खरं सांगायचं तर गाण्याला तीच जास्त शोभली. जुनं वाटावं म्हणून वर फिल्टर लावला, अगदी खालच्या-वरच्या पट्टीतला आवाज कापला आणि फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून सीसी झीरो, म्हणजे कुठलीही अट नसलेल्या, परवान्याची तबकडीची खरखर घातली. त्याच साइटवर ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) लिहिलेल्या फायलीही असतात. त्या पैसे मिळवणाऱ्या गाण्यात चालत नाहीत. प्रत्येक फायलीचा परवाना बघूनच उतरवायचा.

मैत्रिणीशी करार केला तेव्हा तिला जरा हसू आलं. पण कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्काचं हस्तांतर लेखी हवं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर लावायच्या गाण्याला हे परवडणारं नाही. तिच्या मोबदल्याचा वाटा, मुदत, प्रदेश, श्रेयात नाव, सगळं दीड पानात मावलं.

श्रेयाकडे मोठ्यांचंही दुर्लक्ष होतं. २००२ साली एका अमेरिकन गाण्यात लताबाईंचा आवाज आणि बप्पी लाहिरींची चाल न विचारता आली. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयानं लाहिरींचं नाव छापेपर्यंत विक्री थांबवायला सांगितलं. माझ्या गाण्यात खाडिलकर आणि बखले यांची नावं घालायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं, तरी घातली.

ड्रमचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा, विकत घेतलेला, रॉयल्टी-फ्री: एकदाच पैसे भरायचे. तोच लूप आणखी कितीजणांनी घेतलेला असतो, त्यामुळे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे नोंदवलेला आवाज दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेत, असं गाणं नोंदवू नये. तिथे आपला एकट्याचा हक्क लागतो. तोच लूप असलेलं गाणं कोणीतरी नोंदवलंच होतं, आणि माझ्या गाण्यावर दावा आला. लूपच्या परवान्याची पीडीएफ जोडून हरकत घेतली, दावा गेला.

कॉपीराइट कार्यालयात नोंदणी ऐच्छिक असते. गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो. चालीची नोंदणी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाची २०००. मी सध्या फक्त चालीची केली.

पुढच्या गाण्यासाठी संगीतकार मास्टर कृष्णरावांची एक सिनेमातली चाल खुणावतेय. ते गेले १९७४ साली, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत परवानगी लागणार. हक्क वारसांकडे आहेत की कंपनीकडे, याचा शोध घेतेय. पत्राचा मसुदा तयार आहे, वर कोणाचं नाव घालायचं तेवढं ठरायचंय.