किती एमएमचा घेऊ, काका?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच हा प्रश्न यायला लागतो. पावसाळ्यात धबधब्यांवरून रॅपलिंग करून, म्हणजे दोराने कडा उतरून, आलेली पोरं आता हिवाळ्यात पाण्याच्या घळींमध्ये उतरायचं म्हणतात आणि मला गाठून विचारतात, "काका, वेटसूट किती एमएमचा घेऊ? तीन की पाच?" तुम्हीही परवा तेच विचारलंत. (वेटसूट म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरी फोमचा, अंगाला घट्ट बसणारा सूट, आणि एमएम म्हणजे त्याची मिलिमीटरमधली जाडी.) माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, "किती जण जाताय? आणि दोर किती?" समोरचा जरा हिरमुसतो. आपण कपड्याचं विचारलं आणि हा माणूस भलत्याच चौकशा करतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

पण थंडी पोहताना वाजत नाही हो, रांगेत वाजते.

माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आम्ही सतरा जण भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत उतरलो होतो. पुण्याहून रात्री निघायचं, आळेफाटा, कोतूळ, राजूर करत पहाटे साम्रदला पोचायचं, पोहे-चहा करून दरीत शिरायचं, हा नेहमीचा शिरस्ता. सांदणची गोम अशी की तिचे डोह सुरुवातीलाच लागतात. त्या वर्षी पहिल्यात कमरेपर्यंत पाणी होतं, दुसऱ्यात छातीपर्यंत. मग मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत पहिल्या रॅपलपाशी यायचं. तिथे दोर एक आणि माणसं सतरा. एकेकाला आठ मिनिटं धरा. माझा नंबर चौदावा. अंगात सुती ट्रॅकपँट, वर आईने विणलेला स्वेटर, दोन्ही ओलेगच्च. दोन्हीकडे उभे कातळ, ऊन वर कुठेतरी कड्याच्या टोकाला, आणि घळीतून सुटलेला वारा. पावणेदोन तासांनी नंबर आला तेव्हा कॅरॅबिनरचा, म्हणजे दोराला जोडायच्या कडीचा, स्क्रू मला फिरवता येईना. डोळ्यांना दिसत होता, काय करायचं ते कळत होतं, पण अंगठा माझा नव्हताच. शेवटी लीडरने एक शिवी हासडून तो स्वतः फिरवला. दोन्ही डोहांत मिळून मी जेमतेम चार मिनिटं होतो.

पुढच्या खेपेला मी मत्स्यालयाच्या दुकानातून काचेचा छोटा थर्मामीटर घेऊन गेलो. डोहाचं पाणी १७-१८ अंश भरलं. आकडा ऐकायला सौम्य वाटतो. (१८ अंशांच्या हवेत पुणेकर कानटोपी बाहेर काढतो, हा भाग वेगळा.) पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. डिसेंबरात सकाळच्या बॅचला पुण्यातल्या टिळक जलतरण तलावात ज्यांनी उडी मारली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे बाहेर येऊन टॉवेल गुंडाळता येतो.

आता सूटकडे येऊ. सुटात शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं, असं बहुतेक जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. ऊब राखतात ते निओप्रीनच्या, म्हणजे सूट ज्या कृत्रिम रबराचा असतो त्याच्या, फोममधले वायूचे बारीक बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं होतं. कापडातच हवा कोंडलेली असेल तर आतला माणूस ओला झाला तरी बिघडत नाही. बिघडतं ते आतलं पाणी सारखं बदलत राहिलं की. दर पावलाला कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. म्हणून पाच एमएमच्या ढगळ सुटापेक्षा तीन एमएमचा अंगाबरोबर बसणारा सूट बरा.

मालवणला स्कूबा करताना चढवलेला सूट ही आपल्यापैकी बहुतेकांची वेटसूटची पहिली ओळख. तो दहा जणांनी वापरून सैल झालेला असतो, त्यावरून अंदाज बांधू नका. सूट घरी घालून बघा, अंग कोरडं असताना, आणि हाताशी तासभर ठेवून. पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मग पाय सुटात घाला, सर्रकन जातो. हातालाही तेच. कापड नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सरकवा. पाठीची चेन लावायला घरातलं कुणीतरी लागेलच. आमच्याकडे आईने लावली आणि म्हणाली, "अरे, वांग्याच्या भरितासारखा दिसतोयस." मग उकिडवे बसा, हात वर करा, दोरावर लटकल्यासारखे मागे रेला. कंबरेच्या मागच्या खळग्यात आणि काखेत पोकळी राहत असेल तर सूट परत करा. जरा आवळल्यासारखं वाटलं तर चालेल, पाण्यात तो थोडा सैलावतो. श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, एवढं मात्र बघा.

जाडीचं आता सांगतो. ३/२ लिहिलेलं असतं म्हणजे धडाला तीन मिलिमीटर आणि हातापायांना दोन. सह्याद्रीत, सतरा-अठरा अंशांच्या पाण्याला, पूर्ण हातापायांचा ३/२ पुरतो. लोक फारच असतील तर ४/३. त्याहून जाड घातलात तर साम्रदहून दरीत शिरेपर्यंत घामाने निथळाल आणि कडा उतरताना गुडघा वाकणार नाही. तसाही सूट पाठीवरच्या सॅकमध्ये असावा, पाण्याशी पोचल्यावर घालावा. आल्प्समध्ये बर्फाच्या पाण्यात उतरणारे लोक पाच एमएमचे दोन तुकडे घालतात. खाली खांद्यापर्यंत येणारी डांगरी, वर टोपीचं जाकीट, म्हणजे छातीवर दहा एमएम. अमेरिकेत झायन नॅशनल पार्कमधल्या नॅरोज या घळीत हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं, तिथे ड्रायसूट. त्याला मानेशी आणि मनगटाशी घट्ट पट्ट्या असतात, पाणी आतच येत नाही, ऊब आतल्या कपड्यांची. आपल्या कातळाला घासून त्याला एक भोक पडलं की एवढ्या पैशांची पिशवी पाण्याने भरते. इथे नको.

तसल्या बर्फाळ पाण्यासाठी कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांचा १-१०-१ असा ठोकताळा आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. आपल्याकडे पाणी इतकं गार नाही, त्यामुळे सगळं सावकाश घडतं, पण क्रम तोच. जीव जायच्या कितीतरी आधी बोटं जातात. माझा अंगठा आठवा.

एक चूक मी पैसे घालवून केली आहे. पहिला सूट सर्फिंगचा घेतला, मऊसूत, सुंदर. दुसऱ्याच ट्रिपला बेसाल्टने बैठकीची जागा खाल्ली. घळीत आपण अर्धा वेळ बुडावर घसरत असतो, हे सर्फिंगवाल्यांना कशाला ठाऊक असेल? कॅन्यनिंगच्या, म्हणजे अशा घळी उतरायच्या, सुटाला गुडघ्यावर आणि बुडाला जाड अस्तर असतं. ते नसेल तर वरून एक जुनी, जाड, सिंथेटिक पँट चढवा. मी अजून तेच करतो. दिसतं विचित्र, पण फोटोत तसंही हार्नेसच, म्हणजे दोरासाठी कंबरेला आणि मांड्यांना बांधलेला पट्टाच, दिसतो.

आता जे कुणी विचारत नाही ते. सूट घेण्याआधी तीन एमएमचे निओप्रीनचे मोजे घ्या आणि त्यावर एक नंबर मोठे बूट, रबरी तळाचे. ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट ओल्या कातळावर मला अजून दगा देत नाहीत. हातांसाठी पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारे, तळव्याला रबर लावलेले कामगारांचे हातमोजे. त्यात ओला दोर पकडता येतो, कॅरॅबिनर उघडता येतो, आणि फाटले तर रडू येत नाही. आत सुती बनियन अजिबात नको, पॉलिस्टरचा टी-शर्ट चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे साधा रेनकोट. पाण्यातून बाहेर आलं की सुटावरून लगेच रेनकोट घालायचा. ओल्या सुटावरून वारा वाहिला की सूटच अंगाला गार करतो. रेनकोटाने तो वारा अडतो. रांगेतल्या दोन तासांत एक एमएम जास्तीच्या निओप्रीनपेक्षा याचा उपयोग जास्त, असं माझं ठाम मत आहे. खिशात गूळ-शेंगदाणे, एका थर्मासमध्ये गोड चहा. कुणी कुडकुडत असेल तर ठीक आहे. पण कुडकुडणारा माणूस एकदम गप्प झाला, बोलताना जीभ अडखळायला लागली, तर रांग मोडून आधी त्याच्याकडे बघा.

लघवीचं काय, हेही कुणी उघड विचारत नाही. हार्नेस, रेनकोट, मग पाठीची चेन, एवढं सगळं सोडावं लागतं. पाण्यात शिरायच्या आधी जाऊन या. मुलींना दोन तुकड्यांचा सूट सोयीचा पडतो. पण त्यासाठी पाणी पिणं बंद करू नका.

तुमचं म्हणाल तर तुम्ही आठ जण आहात आणि दोन दोर नेताय. फार थांबावं लागणार नाही. या वर्षी सूट विकत घेऊच नका. मोजे, हातमोजे आणि रेनकोट एवढंच घ्या. माझा ३/२ नुसता टांगलेला आहे, तुमची उंची साधारण माझ्याएवढीच दिसते. रविवारी सकाळी घालून बघायला या. येताना दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणा, आमच्या घरातल्या सगळ्या फाटल्यात.