थ्रीडीएस एक्सएल, नोंद दुसरी: निळा पडदा गेला, कायद्याचे प्रश्न राहिले

निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा बंद पडलेला गेम कन्सोल सुरू झाला. पहिल्या नोंदीत लिहिलं होतं तसं, हा थ्रीडीएस एक्सएल चालू केला की निळा पडदा यायचा, त्यावर 'बूटरॉम' हा शब्द आणि आकड्यांच्या ओळी. फर्मवेअरच्या (कन्सोल चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) दोन्ही प्रती खराब निघाल्या की बूटरॉम, म्हणजे चालू होताच सगळ्यात आधी चालणारा चिपमधला कायमचा कोड, तिथेच थांबतो, पुढे काही करत नाही. आता होम मेनू येतो आणि जुने सेव्ह जागच्या जागी आहेत.

हे जमलं एनटीआरबूटमुळे. बूटरॉममध्येच दुरुस्तीसाठी ठेवलेली ही वाट आहे. झाकण बंद आहे असं सेन्सरला वाटत असताना स्टार्ट, सिलेक्ट आणि एक्स दाबून ठेवून पॉवर दिली, तर कन्सोल आतल्या मेमरीऐवजी कार्ट्रिजवरून बूट होतो. झाकण खरोखर मिटलं तर बटणांपर्यंत बोटं पोचत नाहीत, म्हणून चुंबक. मी ते ए-बी-एक्स-वाय बटणांच्या आसपास थोडं थोडं सरकवत नेमकी जागा शोधली. फ्लॅशकार्ट, म्हणजे हवा तो कोड भरता येणारं कार्ट्रिज, आधीच दुसऱ्या डीएसवरून (निन्टेंडोचा आधीचा कन्सोल) तयार करून ठेवलं होतं. जागा सापडली की पडद्यावर इन्स्टॉलर उमटतो, तो सांगेल त्या क्रमाने बटणं दाबायची आणि बूट नाइन स्ट्रॅप, म्हणजे कन्सोलला कंपनीबाहेरचा कोड चालवू देणारा प्रोग्रॅम, बसतो. त्यानंतर एसडी कार्डावर ल्यूमा (बदललेलं फर्मवेअर), मग स्टार्ट दाबून गॉडमोड नाइन (कन्सोलच्या फाइली हाताळणारा प्रोग्रॅम), आणि त्यात सगळ्यात आधी नँडचा, म्हणजे कन्सोलच्या आतल्या मेमरीचा, पूर्ण बॅकअप. जुन्या थ्रीडीएसच्या जातीत ही फाइल ९४३ किंवा ९५४ एमबीची असते. त्याहून लहान निघाली तर कार्डावरची जागा संपली असं समजा आणि पुन्हा घ्या. ही फाइल आणि सोबतची 'इसेन्शियल' फाइल (त्या एकाच कन्सोलची खास माहिती) कार्डावरून काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हे मी प्रत्येक नोंदीत सांगणार आहे.

तांत्रिक भाग इथवर. पहिल्या नोंदीनंतर बहुतेकांनी एकच विचारलं, 'हे कायदेशीर आहे का?' माझं मत असं की हा एक प्रश्नच नाही. कंपनीने घातलेलं डिजिटल कुलूप उघडणं, उघडण्याचं साधन बनवून दुसऱ्याला देणं, आतल्या गेमची प्रत काढणं आणि कंपनीशी झालेला करार मोडणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळा कायदा लागतो. एकाच दुपारच्या कामात चारही येतात, म्हणून सगळं एकात मिसळलं जातं.

फ्लॅशकार्टपासूनच बघा. आर फोर जातीच्या या कार्टांवर (गेमच्या बेकायदा प्रतीही त्यांवर चालतात) लंडनच्या हायकोर्टात २०१० मध्ये निकाल लागला. आयात करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की यावर होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅमही चालतात. कोर्टाने ते मानलं नाही. कायदेशीर वापर शक्य आहे एवढ्यावर विक्रेता सुटत नाही, असं ठरलं. युरोपीय न्यायालयाने मात्र २०१४ मध्ये पीसी बॉक्स विरुद्ध निन्टेंडो प्रकरणात वेगळी मोजपट्टी दिली: संरक्षण प्रमाणात आहे का, कमी अडथळा करणारा दुसरा उपाय होता का, आणि लोक ते साधन प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, हे बघा. मला ही मोजपट्टी जास्त रास्त वाटते. ज्या कार्टाची विक्री एका देशात बंद झाली, त्याच कार्टाने माझा मेलेला कन्सोल उठवला. साधनाचा प्रत्यक्ष वापर पाहिल्याशिवाय त्याच्यावर शिक्का मारणं मला पटत नाही.

बूट नाइन स्ट्रॅपची रचना कायद्याच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. बूटरॉम फर्मवेअरची आरएसए सही (कोड कंपनीचाच आहे हे दाखवणारी डिजिटल खूण) तपासतो, पण सहीच्या आतल्या रचनेची तपासणी ढिली आहे. त्यामुळे अफाट संख्या चाळून सापडलेली, तपासणीतून निसटणारी एक बनावट सही पुरते. निन्टेंडोची सही करायची खासगी किल्ली कुणाकडे नाही, आणि निन्टेंडोचा कोडही त्यात नाही. प्लेस्टेशन थ्रीचं याच्या उलट झालं. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो गटाने दाखवलं की सोनीने सही करताना दर वेळी नवा यादृच्छिक आकडा घ्यायच्या जागी एकच आकडा वापरला, त्यामुळे खासगी किल्ली गणिताने काढता येते. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरने किल्ली जाहीर केली आणि सोनीने दावा ठोकला. काही महिन्यांतच तडजोड झाली. नुसती एक संख्या छापणं गुन्हा ठरतो का, यावर निकाल आलाच नाही. म्हणून ज्या प्रकल्पात मालकीचा कोड किंवा किल्ली दिलेली नसते आणि 'तुमचं तुम्ही आणा' असं असतं, तोच मी वापरतो.

अमेरिकेतला डीएमसीए हा १९९८ चा कॉपीराइट कायदा, आणि आपल्या छंदाला सर्वांत जास्त भिडतो तो त्याचा १२०१ वा विभाग. कुलूप तोडणं हेच तिथे उल्लंघन, आत चोरी झाली असो वा नसो. दर तीन वर्षांनी कॉपीराइट ऑफिस सवलतींवर विचार करतं. फोन जेलब्रेक करायला (कंपनीची बंधनं काढायला) २०१० मध्ये सूट मिळाली, कन्सोलसाठी तीच मागणी २०१२ मध्ये नाकारली गेली. २०२१ मध्ये घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीला मोठी सूट आली, पण कन्सोलला फक्त डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती. म्हणजे डिस्क नसलेला, फर्मवेअर बिघडलेला हातातला कन्सोल त्या सवलतीत बसतच नाही! आणि सूट मिळते ती कृतीला. साधन बनवून वाटायला नाही. स्वतःच्या मालकीची, कंपनीने सेवा थांबवलेली वस्तू चालती करण्याला परवानगी लागावी हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते स्पष्ट लिहायला हवं.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कलमाच्या शब्दांतच 'हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने' असं आहे, आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणं त्यातून वगळलं आहे. हेतूला असं मध्यभागी ठेवणारा हा मसुदा अमेरिकी कायद्यापेक्षा खूपच समजूतदार आहे. मात्र एक अट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याला अशा कामासाठी मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा उद्देश याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. ओळखीतल्या एकाने त्याचा कन्सोल माझ्याकडे दिला, तेव्हा मी वहीत हे सगळं लिहून घेतलं आणि मगच हात लावला.

ल्यूमा बसला की प्रदेशबंदीमुळे एरवी अडणारी दुसऱ्या प्रदेशाची कार्ट्रिजही चालतात. यावरचा माझा आवडता निकाल ऑस्ट्रेलियाचा. स्टीव्हन्स विरुद्ध सोनी, २००५. हायकोर्ट म्हणालं की प्लेस्टेशनमधली यंत्रणा प्रत काढण्यापासून अडवत नाही, काढलेली प्रत चालू देत नाही एवढंच. म्हणून ते कायद्याच्या व्याख्येतलं संरक्षणच नव्हे. पुढच्याच वर्षी अमेरिकेशी झालेल्या व्यापार कराराला धरून तिथला कायदा कडक झाला, तरी प्रदेशबंदीची कुलपं व्याख्येबाहेर ठेवली गेली. हा निवाडा वाचताना न्यायाधीशांनी यंत्र खरोखर समजून घेतलंय हे जाणवतं.

आता डंप, म्हणजे गेमची प्रत काढणं. गॉडमोड नाइनमध्ये कार्ट्रिज 'सी' ड्राइव्हवर दिसतं, तिथून प्रत काढून कार्डावरच्या आउट फोल्डरमध्ये ठेवायची. भारतीय कायद्याचं ५२ वं कलम कायदेशीर ताब्यातल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत काढू देतं. अमेरिकेतही बॅकअपची तरतूद आहे, पण १९८३ मध्ये गेम कंपनी अटारीने, कार्ट्रिजची प्रत काढणारं यंत्र विकणाऱ्या जेएस अँड ए विरुद्ध लढलेल्या दाव्यात तिथल्या कोर्टाने कार्ट्रिजला ती नाकारली होती: रॉम विजेने पुसली जात नाही, मग बॅकअप कशाला? जुन्या कार्ट्रिजच्या पिना गंजलेल्या पाहिल्या आहेत त्या प्रत्येकाला हा युक्तिवाद टोचेल. माझा नियम सोपा आहे. कार्ट्रिज विकलं की त्या दिवशी प्रत पुसायची, आणि प्रत कुणालाही द्यायची नाही.

बूट नाइनची फाइलही, म्हणजे बूटरॉमची प्रत, कन्सोल स्वतःच काढून देतो. ती निन्टेंडोचा कोड आहे, म्हणून ती कुणालाही द्यायची नाही. निन्टेंडोने दावा लावल्यावर मार्च २०२४ मध्ये युझू या स्विच कन्सोलच्या एम्युलेटरच्या (कन्सोलचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) निर्मात्यांनी २४ लाख डॉलर मान्य करून काम थांबवलं आणि त्याबरोबर थ्रीडीएसचा एम्युलेटर सिट्राही बंद झाला. त्या दाव्याचा रोख एम्युलेटरइतकाच गेमची कुलपं उघडणाऱ्या किल्ल्यांकडे होता. आणि पैसा आला की प्रकरण फौजदारी होतं. कन्सोलची कुलपं तोडणारी साधनं विकणाऱ्या टीम एक्झिक्यूटर गटाच्या एका सदस्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. कन्सोलमध्ये असे फेरफार करून द्यायचे पैसे मी घेत नाही, विचारू नका.

कराराचं थोडक्यात. निन्टेंडोने मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वापरकर्त्यांसाठीच्या अटी बदलल्या आणि फेरफार केलेलं उपकरण कायमचं निकामी करू शकतो असं लिहिलं. हा गुन्हा नव्हे, करार आहे, पण परिणाम तुमच्या हातातल्या कन्सोलवर होतो. नव्या, ऑनलाइन चालणाऱ्या कन्सोलवर म्हणूनच मी काही बसवणार नाही.

पुढचं काम ऑनलाइनचं. थ्रीडीएसचं ई-शॉप २७ मार्च २०२३ ला बंद झालं, ऑनलाइन खेळ ८ एप्रिल २०२४ ला. प्रेटेंडो नावाचा प्रकल्प तेच सर्व्हर नव्याने लिहितो आहे. इथे जुना निकाल आडवा येतो: २००५ मध्ये अमेरिकी अपील कोर्टाने गेम कंपनी ब्लिझर्डच्या बॅटलनेट या ऑनलाइन सेवेला पर्याय देणाऱ्या बीनेटडी प्रकल्पाच्या विरोधात कौल दिला, वापरकर्त्यांनी मान्य केलेल्या अटी आणि डीएमसीए या दोन्ही आधारांवर. तिथे मूळ सेवा चालू होती, इथे कंपनीने ती स्वतः बंद केली आहे, आणि माझ्या लेखी हा फरक मोठा आहे. नँडचा दुसरा बॅकअप आणि नवी बॅटरी झाली की कन्सोल प्रेटेंडोला जोडतो. कार्ट्रिजवरचे सेव्ह आधी काढून ठेवतो आहे.