पन्नास की साठ?

आमच्या मैत्रीची सुरुवात भांडणाने झाली, आणि भांडण सॉनिकवरून झालं. सॉनिक म्हणजे सेगा या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेममधला तो निळा, लाल बूट घातलेला प्राणी. त्याला मराठीत साळू म्हणायचं की साळिंदर, हा वाद आम्ही पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवला आहे.

"पहिला सॉनिक काय पळायचा रे! डोळ्यांना झेपायचा नाही," तो म्हणाला.

"पळायचा, पण झेपायचा नाही म्हणजे काय? मला तर आरामात झेपायचा."

मी त्याच्या कुलदैवताला नावं ठेवल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

हा वाद दोन वर्षं चालला. जुने गेम जमवणाऱ्यांच्या जगात दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. सेगा श्रेष्ठ की निन्टेन्डो हा खटला तीसहून जास्त वर्षं पडून आहे. त्यातल्या एका पक्षकाराने २००१ साली ड्रीमकास्ट बंद करून कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, बनवणंच सोडून दिलं, तरी त्याचे वकील अजून कोर्टाच्या पायरीवर बसून आहेत.

मग एका संध्याकाळी विषय संगीतावर गेला. पहिल्या लेव्हलचं, त्या हिरव्या टेकड्यांचं गाणं मी गुणगुणून दाखवलं. तो म्हणाला, "एवढं रडत का म्हणतोयस?" मग त्याने म्हणून दाखवलं. मला वाटलं, याची गाडी सुटतेय म्हणून हा उरकतोय. दोघांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सूर तेच, लय काही केल्या जुळेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

त्या काळातली यंत्रं टीव्हीच्या तालावर चालायची. अमेरिका-जपानकडचा एनटीएससी पद्धतीचा टीव्ही सेकंदाला साधारण ६० वेळा पडदा रंगवायचा, युरोप-भारताकडचा 'पाल' पद्धतीचा ५० वेळा. गेम लिहिणारे वेळ सेकंदांत मोजायचेच नाहीत, या पडदा रंगवण्यांत मोजायचे. दर वेळी सॉनिकला इतके ठिपके पुढे सरकव, इतक्या वेळांनंतर पुढचा सूर लाव. असा ६०च्या हिशेबाने बांधलेला गेम जसाच्या तसा ५०च्या यंत्रात घातला की सॉनिक प्रत्येक सेकंदाला दहा पावलं कमी टाकतो. एक षष्ठांश वेग तिथेच गेला. १९९१च्या त्या पहिल्या सॉनिकमध्ये गाण्याचा ठेकाही त्याच घड्याळाला बांधलेला, म्हणून तोही रेंगाळला. शिवाय पालच्या पडद्यावर आडव्या रेघा जास्त आणि चित्र तेवढंच, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे जरासा दबलेला, बुटका सॉनिक.

त्याचं लहानपण ६०च्या देशात गेलं होतं, माझं ५०च्या यंत्रापुढे. दोन वर्षं आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

हे कळल्यावर खरं तर टाळी द्यायला हवी होती. दोघंही हिरमुसलो. वाद हरला तर निदान राग तरी येतो. तो असा हातातल्या हातात विरघळला की माणसाने करायचं काय?

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणी दोघं जुन्या गेमवरून हातघाईवर आले की मी मधे तोंड घालतो आणि विचारतो, "कुठल्या यंत्रावर?" निम्मी भांडणं तिथेच लंगडी होतात. 'मॉर्टल कॉम्बॅट'चंच घ्या. १९९३ साली तो घरच्या कन्सोलवर आला. सुपर निन्टेन्डोवर ठोसा बसला की करड्या रंगाचे थेंब उडायचे, म्हणजे तो घाम आहे असं मानायचं. सेगावरही आधी सगळं सोवळ्यातच असायचं. पण ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की लालभडक रक्त. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी गेमच्या डब्यांवर वयाचे शिक्के आले. आणि इकडे दोन चाळिशीतले गृहस्थ एकमेकांना ठणकावून सांगताहेत की त्या गेममध्ये रक्त होतं, नव्हतं, होतं.

आमच्या अड्ड्यावरचा तिसरा तर वर्षभर गप्पच बसायचा. 'कॉन्ट्रा'चा विषय निघाला, तीस जीव मिळवायला दाबायच्या बटणांचं ते वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे सुरू झालं, की तो कोरड्या चेहऱ्याने ऐकायचा. एकदा धीर करून म्हणाला, "मी असाच एक गेम खेळलोय, पण त्यात माणसं नव्हती, यंत्रमानव होते." आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. नंतर कळलं की युरोपात तो गेम 'प्रोबोटेक्टर' नावाने निघाला होता आणि त्यातल्या सैनिकांना काढून खरोखरच यंत्रमानव बसवले होते. त्याची माफी मागावी लागली. आता तो प्रत्येक विषयात आधी माफी मागायला लावतो.

नाव एक आणि गेमच वेगळा, हेही आहेच. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' या नावाचा जो गेम १९८६ साली जपानमध्ये आला, तो बाहेरच्यांना फार अवघड जाईल असं ठरलं. मग 'डोकी डोकी पॅनिक' नावाच्या भलत्याच गेममधली पात्रं बदलून, तिथे मारिओ आणि मंडळी उभी करून, १९८८ साली अमेरिकेत तो 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला. त्यात मारिओ जमिनीतून भाज्या उपटतो आणि शत्रूला फेकून मारतो. या गेमवर माझं मनापासून प्रेम आहे. मित्राच्या मते तो मारिओच नव्हे, दत्तक आहे. मी म्हणतो, दत्तक गेलेलं पोरच कधीकधी घराण्याचं नाव काढतं.

हे सगळं कळायचं तर कॅसेटी जवळ असाव्या लागतात, असं मी घरी सांगून पाहिलं आहे. घरी ते चालत नाही.

कॅसेट हा माझा शब्द. जाणकार मंडळी कार्ट्रिज म्हणतात, आणि आतमध्ये फीत वगैरे काही नसते हे मलाही ठाऊक आहे. पण मी लहानपणी कॅसेट म्हटलं आणि हातातल्या कंट्रोलरला रिमोट म्हटलं, ते आता बदलणार नाही. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर दोन-चार चिपा, खाली सोनेरी दात. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत बसला होता. जागेची इतकी ओढाताण, की त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं आणि दोन दिवस मी झुडपांकडे संशयाने बघत होतो.

कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, हे न शिकवता सगळ्या जगातल्या पोरांना कसं आलं, हे कोडंच आहे. फुंकरीचा उपयोग काही नव्हता. उपयोग व्हायचा तो काढून पुन्हा बसवण्याचा. अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या यंत्राची रचना व्हीसीआरसारखी दिसावी म्हणून कॅसेट पुढून आत सारून खाली दाबायची होती. त्यात आतले पिनांचे दात ढिले पडत. शिवाय एक पहारेकरी चिप बसवलेली. तिला कॅसेटमधल्या जोडीदार चिपेची ओळख पटली नाही की ती दर सेकंदाला यंत्र पुन्हा सुरू करायची. तो लाल दिवा लुकलुकायचा तो त्यामुळे. फुंकरीतला ओलावा उलट धातूला गंज आणायचा. आता मी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दात पुसतो. काडी काळी निघते आणि अपार समाधान मिळतं. पुसून झालं की कॅसेट उलटी करतो. मागच्या लेबलवर कंपनीची सूचना छापलेली असते: बेंझिन, थिनर, अल्कोहोल यांनी साफ करू नये.

जुन्या कॅसेटीबरोबर कधीकधी परका माणूसही घरी येतो. 'झेल्डा'च्या सोनेरी कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायला नाण्याएवढी लिथियमची बॅटरी असते आणि तीन जणांचे खेळ राहतील एवढी जागा. मला मिळालेल्या कॅसेटमध्ये तिसऱ्या जागेवर एक नाव होतं: झेल्डा. खेळाडूने स्वतःचं नाव झेल्डा ठेवलं की पहिली फेरी सोडून थेट दुसरी, अवघड फेरी सुरू होते, ही त्यातली छुपी खुबी. म्हणजे हा कुणी नवशिका नव्हता. अवघड फेरीतही निम्म्याहून पुढे गेला होता आणि तिथेच थांबला होता. का थांबला? परीक्षा आली असेल. नवं यंत्र आलं असेल. की त्या भुयाराची वाट सापडलीच नाही?

बॅटरी म्हातारी झालेली. बदलायची तर जुनी उपटावी लागते, आणि ती उपटली की या माणसाचा खेळ पुसला जाणार. मित्र म्हणाला, "पूस की, तुझा कोण लागतो तो?" मी आठवडाभर कॅसेट तशीच ठेवली. मग कॅसेटमधला साठा कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं एक उपकरण मिळवलं, त्याचा खेळ बाजूला काढला, नवी बॅटरी डाखली आणि खेळ परत आत भरला. तो अजून तिथेच आहे, तिसऱ्या जागेवर, भुयाराच्या तोंडाशी. मी त्याचा खेळ पुढे नेत नाही. नेता येईल, पण दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटतं.

कॅसेटी सीलबंद ठेवणारे मात्र मला कधी कळले नाहीत. डबा न फोडता तो परीक्षकांकडे पाठवायचा, त्यांनी गुण द्यायचे, आणि मग जाड पारदर्शक पेटीत तो कायमचा बंद. १९९० साली निन्टेन्डोच्या जागतिक स्पर्धेसाठी बनवलेल्या ११६ कॅसेटी होत्या, ९० करड्या आणि २६ सोनेरी. त्यातली एखादी माझ्या हाती आली तर? मी ती आधी यंत्रात घालीन, हे मी शपथेवर सांगतो. मित्राच्या मते मी हे सांगतो, कारण ती माझ्या हाती येणार नाही.

एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा वाद आम्ही मुद्दाम सणासुदीला काढतो. कॉम्प्युटरवर फाइल उघडली की गेम सुरू, मग हे सामान कशाला? हा प्रश्न वाटतो तेवढा उथळ नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली काढलेल्या निष्कर्षानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. म्हणजे ज्यांनी नकला करून ठेवल्या त्यांच्यामुळेच बरंचसं शिल्लक आहे. इथे मी मान खाली घालतो.

पण मग मी त्याला सॉनिकचा धबधबा दाखवतो. नव्या टीव्हीवर तो उभ्या रेघांचा पडदा दिसतो, मधे-मधे फटी. जुन्या काचेच्या टीव्हीवर, साध्या पिवळ्या पिनेची वायर लावून पाहिलं की त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक होतं, मागचे खडक दिसू लागतात. सेगाच्या त्या यंत्राला पारदर्शक रंग दाखवता येत नव्हते. चित्रकारांनी वायरीच्या गचाळपणालाच कामाला लावलं. आता वायर सुधारली आणि पाणी आटलं. 'डक हंट'चंही तेच. ट्रिगर ओढला की क्षणभर पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. नवा टीव्ही चित्र दाखवायलाच किंचित उशीर करतो. तेव्हापासून बदकं अमर आहेत.

गेल्या महिन्यात मित्राने माझा मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगाचं ते यंत्र, उघडला. आतल्या एका चिपेची पिन सोडवून तिला वायर जोडली आणि मागच्या बाजूला एक छोटं बटण बसवलं. वर केलं की ६०, खाली केलं की ५०. "आता तरी बघ," तो म्हणाला, "खरा सॉनिक."

बघितला. काळ्या पट्ट्या गेल्या, सॉनिक उंच झाला, गाण्याची गाडी सुटली. ज्या लेव्हलमध्ये मी तीस वर्षांत मेलो नव्हतो, तिथे तीनदा मेलो. मी मान डोलावली, छान म्हणालो. तो गेल्यावर बटण खाली केलं. गाणं पुन्हा रडू लागलं आणि माझे अंगठे जागेवर आले.

परवा तो न सांगता आला. यंत्र चालूच होतं. बटण बघायला वाकला, पण बोलला काही नाही. बसला, रिमोट घेतला. पहिल्याच टेकडीवर त्याने उडी जरा लवकर मारली आणि थेट काट्यांवर उतरला. पुन्हा गेला, पुन्हा काट्यांवर.

"काय रे," मी म्हटलं, "झेपत नाही वाटतं?"