एकाच प्लॉटवर तीन लेव्हलचे कोर्स मांडले त्याची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात आम्ही सहा-सात कुत्रेवाल्यांनी ठरवलं की रविवारी सकाळी अ‍ॅजिलिटी करायची, म्हणजे माणसाने सोबत पळत इशारे करायचे आणि कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करायचे. वाघोलीच्या पुढे मैत्रिणीचा मोकळा प्लॉट आहे, साधारण ३० बाय २० मीटर, आणि कोर्स, म्हणजे त्या अडथळ्यांची वाट, मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितलेले.

नळसामानाच्या दुकानातून सव्वा इंची पीव्हीसी पाईप, टी, एल्बो, एंड कॅप असं सगळं घेतलं, तर दुकानदार विचारतो बाथरूम किती आहेत? म्हटलं कुत्र्यांच्या उड्यांसाठी पाहिजे, मग तो गप्पच झाला.

पहिली चूक उड्यांच्या दांड्यांत केली. सारख्या पडायला नकोत म्हणून सुतळीने गच्च बांधून टाकल्या. आमच्यातल्या एका लॅब्रॅडॉरचा पाय अडकला आणि तो अख्खा स्टँड ओढत चार पावलं गेला, नशिबाने लागलं काही नाही. धक्का लागला की दांडी पडलीच पाहिजे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग एंड कॅप अर्ध्या कापून स्टँडला वाटीसारख्या बोल्ट केल्या, आता दांडी त्यात नुसती टेकलेली असते.

दुसरी चूक लेव्हलची. मला वाटलं सोपा कोर्स म्हणजे कमी अडथळे आणि बुटक्या उड्या, अवघड म्हणजे जास्त आणि उंच. पण उंची कुत्र्याच्या खांद्यावरून ठरते, तो किती शिकलाय त्यावरून नाही. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात लहान कुत्र्यांना २५-३० सेंमी, मोठ्यांना ५५-६०. आणि १८ महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला ते स्पर्धेत घेतच नाहीत, म्हणून आठ महिन्यांच्या पिल्लासाठी मी दांडी सरळ जमिनीवर ठेवली, त्याचा मालक रुसला तर रुसला.

मग चौकटीच्या वहीत काढून बघितलं, एक चौकट म्हणजे एक मीटर. सामान एकदाच मांडायचं, दोन अडथळ्यांत ५ ते ७ मीटर सोडायचे, आणि फक्त अडथळ्यांच्या क्रमाचे नंबर बदलायचे. नवख्यांना घोड्याच्या नालेचा आकार, तीन उड्या, वळवलेलं टनेल (कुत्र्याने आतून पळायचा बोगदा), परत तीन उड्या. मधल्या लेव्हलला त्यातच ६ वीव्ह पोल, म्हणजे कुत्र्याने नागमोडी जायचे खांब, ६० सेंमी अंतरावर, फक्कीने खुणा करून रोवलेले, आणि माणसाला एकदा कुत्र्यासमोरून बाजू बदलावी लागेल असं वळण. तिसऱ्या लेव्हलला १२ पोल, आणि तिसऱ्या उडीनंतर समोर दिसणारं टनेलचं तोंड चुकीचं, बरोबर तोंड पलीकडचं. टनेल गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याचे पाच लिटरचे कॅन पट्ट्याने बांधले.

सीसॉ, म्हणजे कुत्र्याने चढून पलीकडे उतरायची वरखाली होणारी फळी, मात्र मी पहिले दोन महिने लावलाच नाही. फळी जमिनीवर आपटल्याचा आवाज एकदा मनात बसला की कुत्रा पुन्हा वर पाय ठेवत नाही, माझी भुरी अशीच बिथरली होती. आता फळीच्या दोन्ही टोकांखाली जुनी गादी असते आणि मधला टेकू म्हणजे दोन विटा.

खरी गंमत काकूंची. त्यांचा पॉमेरियन सोप्या कोर्सवर दुसऱ्या उडीला दरवेळी बाजूने जायचा. काकू म्हणाल्या, "अगं, तुझी उडीच वाकडी लागलीय." मी मोजून बघितली, सरळ होती. मग त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन नंबरशी पोचल्या की त्या थांबून पूर्ण त्याच्याकडे वळायच्या, आणि तो बिचारा काकूंची पावलं जिकडे तिकडे. म्हटलं काकू, तुम्ही तीन नंबरकडे बघत चालत राहा, तो येईल. तर लगेच आला, दांडीसुद्धा हलली नाही.

त्यानंतर मी फक्कीने कुत्र्याच्या रेघेशेजारी माणसाची रेघपण मारते. काकू अजून म्हणतात उडी वाकडी होती.